नेट गेलं, म्हणजे नेमकं काय गेलं?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणारे कितीतरी कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्याची दुपार डोळ्यांसमोर आणू. भंगाराने भरलेला ट्रक फाटकाजवळच्या वजनकाट्यावर उभा आहे. काट्याच्या कॉम्प्युटरवर वजन आलंय, पण पावती निघत नाही. स्क्रीनवरचं चक्र गरगर फिरतंय आणि मागे गाड्यांची रांग लागलीय. काट्यावरचा मुलगा ऑफिसात फोन लावतो, "साहेब, नेट गेलं." ऑफिसात तर नेट व्यवस्थित चालू! मग इंटरनेटवाल्याला फोन होतो. तो म्हणतो, आमच्याकडून सगळं ओके आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, तुमच्या नेटवर्कमध्ये प्रॉब्लेम आहे. शेवटी कोणीतरी कपाटावरच्या, दिवे लुकलुकणाऱ्या डब्याची पिन काढून पुन्हा लावतो, आणि पावती निघते. दुसऱ्या दिवशी, साधारण त्याच वेळेला, पुन्हा तोच प्रकार.

दुकान, बँक, शाळा, तहसील कचेरी, सगळीकडे हा अनुभव येतो. यातली खरी अडचण बिघाडाची नाही, बिघाड कुठेही होतोच. अडचण ही की तो कुठे आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खरं तर ज्या डब्याची पिन काढली जाते, त्याच्याजवळ उत्तर असू शकतं. डबा त्या जातीचा हवा आणि त्याला विचारता यायला हवं, एवढंच.

डब्याच्या आत काय चालतं

कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिचं नाव ईथरनेट. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून ती मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर उभी केली. सुरुवातीला एकच लांब केबल असे आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच जोडलेले असत. पुढे प्रत्येक कॉम्प्युटरपासून वेगळी तार आणून ती मधल्या एका डब्यात खोचायची पद्धत रूढ झाली. तो डबा म्हणजे हब.

हबला काहीच कळत नाही. एका पोर्टमधून, म्हणजे तार खोचायच्या खाचेतून, जे आलं, ते तो बाकीच्या सगळ्या पोर्टांतून जसंच्या तसं बाहेर सोडतो. संदेश कोणासाठी आहे, हे ज्याने त्याने पाहायचं. त्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचं असं बंधन येतं. दोघे एकदम बोलले तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून निकामी होतात. मग दोघेही थांबतात आणि कमी-जास्त वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. चार-पाच कॉम्प्युटर असले तर हे खपून जातं. तीस-चाळीस झाले की बराचसा वेळ टकरींतच जातो.

१९९० मध्ये यावर उपाय बाजारात आला: सात पोर्टांचा ईथरनेट स्विच. तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासोबत ती कॅलिफोर्नियात काढली आणि पत्नीचं नाव तिला दिलं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आज ऑफिसाऑफिसात हे यंत्र असतं, त्यामागचं हे नाव आपल्याकडे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणता पत्ता कोणत्या पोर्टच्या टोकाला आहे याची यादी स्विच स्वतःच शिकत जातो आणि संदेश फक्त त्याच पोर्टला देतो. टकरी संपतात, प्रत्येकाला आपला पूर्ण वेग मिळतो. बोलताना लोक यालाही हबच म्हणतात, पण आज दुकानात मिळतो तो स्विच.

स्विच दोन जातींचे असतात. पाच पोर्टांचा साधा स्विच हजार रुपयांच्या आत येतो. तो आपलं काम चोख करतो, पण त्याला काही विचारता येत नाही आणि सांगताही येत नाही. दुसरा मॅनेज्ड स्विच. तो कित्येक पट महाग, कारण त्याच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो, तो प्रत्येक पोर्टवरच्या घडामोडी मोजत राहतो आणि विचारलं की सांगतो.

रीडिंग घेण्याची रीत

विचारायचं कसं, याचा नियम १९८८ मध्ये ठरला. त्याचं नाव एसएनएमपी. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी तो तयार केला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच भाषेत प्रश्न विचारता यावेत, हा हेतू. त्याआधी प्रत्येक कंपनीचं स्वतंत्र काहीतरी असे. १९९२ मध्ये हबसाठीही अशा प्रश्नांची प्रमाणित यादी निघाली, म्हणजे त्या काळातले महागडे हबसुद्धा आपल्यावरच्या टकरी मोजून सांगू लागले.

प्रश्न शब्दांत नसतो, आकड्यांत असतो. स्विचमधल्या प्रत्येक मोजणीला एक ठरलेला क्रमांक आहे. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.२.२.१.१० या क्रमांकाच्या शेवटी ७ जोडून विचारलं, की बहुतेक स्विचांवर उत्तर येतं ते सातव्या पोर्टमधून आजवर किती बाइट आत आले त्याचं. शेवटून दुसरा आकडा १० ऐवजी १४ केला तर खराब आलेल्या संदेशांची संख्या मिळते. ८ केला तर पोर्ट सध्या चालू आहे की बंद, हे कळतं. क्रमांक पाठ करायची गरज नसते, सॉफ्टवेअर ते काम करतं.

आता मुख्य मुद्दा. स्विच वेग सांगत नाही, फक्त एकूण आकडा सांगतो. घरातला विजेचा मीटर असतो ना, अगदी तसं. मीटरला या महिन्याची वीज ठाऊक नसते, तो लावल्यापासूनची एकूण युनिटं दाखवतो. रीडिंग घेणारा माणूस येतो, आकडा टिपतो, मागच्या महिन्याचा आकडा त्यातून वजा करतो आणि वापर निघतो. इथे रीडिंग घेणारा म्हणजे आपलं सॉफ्टवेअर, फक्त तो महिन्याने न येता दर पाच मिनिटांनी येतो.

हिशेब करून पाहू. दुपारी २ वाजता एका पोर्टचं रीडिंग १०० कोटी बाइट होतं, २ वाजून ५ मिनिटांनी ते ३८५ कोटी झालं. फरक २८५ कोटी बाइटांचा. त्याला ३०० सेकंदांनी भागलं तर सेकंदाला ९५ लाख बाइट. एका बाइटात आठ बिट, म्हणून सेकंदाला ७ कोटी ६० लाख बिट, म्हणजे ७६ एमबीपीएस. ही केबल १०० एमबीपीएसची असेल तर तिचा तीन-चतुर्थांश भाग सतत भरलेला आहे. पाच मिनिटांची ही सरासरी आहे, तेव्हा मधल्या काही क्षणांना ती काठोकाठ भरली असणार.

जुन्या मीटरचे आकडे ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येत. स्विचचंही तसंच होतं. जुन्या पद्धतीची मोजणी ४,२९,४९,६७,२९६ बाइटांना पुन्हा शून्यावर येते. १०० एमबीपीएसच्या भरलेल्या केबलवर याला पावणेसहा मिनिटं लागतात, म्हणजे पाच मिनिटांचं रीडिंग कसंबसं पुरतं. १ जीबीपीएसवर मात्र चौतीस सेकंदांत आकडा उलटतो आणि पाच मिनिटांत तो कितीदा उलटला हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून नव्या स्विचांत ६४ बिटांची मोठी मोजणी असते. सॉफ्टवेअर लावताना तीच निवडलेली आहे ना, हे आवर्जून पाहावं. आलेखात भलतेच आकडे दिसण्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं.

आणि मीटरच बदलला तर? स्विच बंद होऊन पुन्हा चालू झाला की बहुतेक वेळा मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून सॉफ्टवेअर दर वेळी "तू किती वेळ चालू आहेस?" हेही विचारतं. हे उत्तर फार कामाचं आहे. कोणीही हात न लावता स्विच रोज दुपारी नव्याने सुरू होत असेल, तर त्याच्या वीजपुरवठ्याकडे पाहायला हवं, इंटरनेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही.

या आकड्यांचा आलेख काढायची सोय १९९५ मध्ये टोबियास उटिकर यांच्या एमआरटीजी या सॉफ्टवेअरने लोकप्रिय केली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची इंटरनेट लाईन तेव्हा अवघी ६४ केबीपीएसची होती, ती किती भरते हे पाहण्यासाठी त्यांनी ते लिहिलं. आज झॅबिक्स, लिब्रेएनएमएस अशी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात.

विचारल्याशिवाय स्विच बोलतच नाही असंही नाही. एखादा पोर्ट बंद पडला तर तो स्वतःहून सूचना पाठवू शकतो. पण ही सूचना साधारणपणे पोच न घेता पाठवली जाते, वाटेत हरवली तर हरवली. म्हणून सूचनेवर विसंबून रीडिंग थांबवायचं नसतं.

> चौकट: कोणता आकडा काय सांगतो
> पोर्ट वारंवार चालू-बंद होतोय: केबलचा क्लिप तुटलाय किंवा समोरच्या यंत्राची वीज जातेय.
> पोर्टचा वेग १००० ऐवजी १०० दाखवतोय: केबलमधली एखादी जोडी तुटलीय किंवा क्रिम्पिंग कच्चं आहे.
> खराब संदेशांचा आकडा वाढतोय: केबल खराब, फार लांब, किंवा जवळून विजेचा त्रास.
> टाकून दिलेल्या संदेशांचा आकडा वाढतोय, पण खराब संदेश नाहीत: केबल ठीक आहे, गर्दी जास्त आहे.
> तापमान चढतंय: पंखा बंद किंवा जाळीत धूळ.

भट्टी पेटते तेव्हा

आता काट्याकडे परत येऊ. समजा या कारखान्यात मॅनेज्ड स्विच आहे आणि काट्याची केबल सातव्या पोर्टात आहे. दुपारचं रीडिंग काढलं. इंटरनेटच्या पोर्टवर गर्दी नाही. काट्याच्या पोर्टवरही नाही. पण सातव्या पोर्टच्या खराब संदेशांचा आकडा वाढतोय, आणि तोही सारखा नाही, ठरावीक तासांतच.

खराब संदेश म्हणजे काय? ईथरनेटवरच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी चार बाइटांची एक ताळ्याची संख्या असते. पाठवणारा पूर्ण संदेशावर गणित करून ती काढतो. घेणारा तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळलं नाही तर वाटेत एखादा तरी बिट बदलला आहे हे निश्चित, आणि तो संदेश तिथेच टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. शिवाय वाटेत गर्दी असावी असं समजून तो आपला वेग कमी करतो. शंभरात दोन-चार संदेश जरी असे वाया गेले तरी काम त्याच्या कितीतरी पट मंदावतं. काट्यावरचं फिरणारं चक्र ते हेच.

बिट बदलतो कशामुळे? इंडक्शन भट्टीत प्रचंड वीज खेळवून भंगार वितळवतात. भट्टीला आणि रोलिंगच्या मोटारींना वीज देणारी नियंत्रण-यंत्रं ती वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तोडत-जोडत असतात. शेजारून गेलेल्या तारेत त्याचे धक्के उमटतात. नेटवर्कच्या केबलमधल्या जोड्या पीळ देऊन बनवतात ते हे धक्के दोन्ही तारांवर सारखेच बसून आपसात रद्द व्हावेत म्हणून. पण केबल विजेच्या जाड केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेली, किंवा जोड देताना पीळ फार उलगडला, की हे संरक्षण अपुरं पडतं. त्यात अंतराची भर. तांब्याच्या ईथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि फाटकापासून ऑफिसापर्यंतचं अंतर मोठ्या कारखान्यात सहज त्याहून जास्त भरतं.

म्हणजे पिन काढून लावल्याने बरं वाटत होतं, तो योगायोग होता. तेवढ्यात भट्टीचा तो टप्पा संपलेला असे. खरा उपाय म्हणजे ऑफिस ते काटा या पट्ट्यात फायबर टाकणं. फायबरमधून प्रकाश जातो, त्याला विजेच्या धक्क्याचं काहीच वाटत नाही. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली तर तांब्याच्या तारेवरून झटका आत येऊन दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो, तो धोकाही फायबरने टळतो. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टाकूच नये, या मताचा मी आहे, अंतर पन्नास मीटर असलं तरी.

नुसतं विचारायचं नाही, सांगायचंही

मॅनेज्ड स्विचला हुकूमही देता येतात. त्यातला सर्वांत उपयोगी म्हणजे विभागणी, तिला व्हीलॅन म्हणतात. एकाच स्विचचे काही पोर्ट कॅमेऱ्यांचे, काही हिशेबाचे, काही पाहुण्यांच्या वाय-फायचे असं ठरवता येतं. मग एका गटातला संदेश दुसऱ्या गटात जातच नाही, जणू वेगवेगळे स्विच आहेत. सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस पाठवत असतील तर ६४ एमबीपीएसचा ओघ सतत चालू असतो. गट वेगळे केले की काट्याच्या संदेशाला आधी वाट द्या असंही स्विचला सांगता येतं.

कॅमेऱ्यांवरून आणखी एक कोडं. दिवसभर चालणारे कॅमेरे रात्रीच का बंद पडतात? आजकाल कॅमेऱ्याला वीजही नेटवर्कच्याच केबलमधून देतात. २००३ च्या मानकानुसार एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, पण सगळ्या पोर्टांना मिळून स्विचची एक एकूण मर्यादा असते आणि ती बहुधा बेरजेपेक्षा कमी असते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येकाची मागणी वाढते, मर्यादा ओलांडली जाते आणि स्विच काही पोर्टांची वीज तोडतो. सॉफ्टवेअरच्या एका पानावर हे वॅटमध्ये लिहिलेलं असतं. एखादा कॅमेरा नुसताच अडकला असेल तर खुर्चीत बसून त्या पोर्टची वीज बंद-चालू करता येते, शिडी लावावी लागत नाही.

तिसरा प्रसंग मोठ्या ऑफिसांत घडतो. साफसफाईत एक सुटी केबल दिसते, कोणीतरी चांगल्या भावनेने तिची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचतो, आणि अख्खं नेटवर्क बंद! सर्वांसाठी पाठवलेला संदेश त्या वेढ्यात शिरतो आणि फिरतच राहतो, कारण ईथरनेटच्या संदेशाला आयुष्याची मर्यादा नसते. काही क्षणांत तो हजारोंनी वाढतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. त्यात स्विच आपसात बोलून वेढा ओळखतात आणि त्यातला एक पोर्ट आपणहून मिटवून ठेवतात. बहुतेक मॅनेज्ड स्विचांत ही सोय असते. ती चालू आहे ना, एवढं पाहायचं.

हे सगळं ठरवून झाल्यावर एक काम लोक हमखास विसरतात. बऱ्याच स्विचांत दिलेले हुकूम लगेच लागू होतात, पण ते कायमचे जपून ठेवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही आणि वीज गेली, की स्विच पहिल्यासारखा कोरा.

गावातल्या डब्याचा शेवटचा निरोप

हीच रीत शहराबाहेर आणखी मोलाची ठरते. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत, आणि मंठा किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या गावात नेट बंद पडलं तर माणूस पाठवून पाहायला अर्धा दिवस जातो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. तिच्यात मोठ्या प्रमाणावर जीपॉन हे तंत्र वापरलं गेलं. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठं यंत्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत एक छोटा डबा, ओएनटी. मधल्या फायबरला फाटे फुटतात, तिथे विजेची गरजच नसते.

या तंत्रात एक सुंदर सोय आहे. गावातली वीज गेली की ओएनटी बंद पडायच्या आधी, आत उरलेल्या क्षणभराच्या विजेवर एक निरोप पाठवून देतो: माझी वीज गेली. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडलं असेल तर निरोप पाठवायला वाटच नसते, संपर्क एकदम तुटतो. त्यामुळे दूर बसलेल्या माणसाला कळतं, की महावितरणची वीज येण्याची वाट पाहायची की फायबर जोडणाऱ्यांची गाडी पाठवायची.

प्रकाश किती पोचतोय हेही यंत्र मोजतं. डीबीएम या एककात मोजलेला ओएनटीपर्यंतचा प्रकाश साधारण उणे २७ च्या खाली गेला की संदेश वाचता येईनासा होतो. आकडा महिनाभर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी जोड खराब होतोय, फायबर वाकलंय किंवा टोकावर धूळ बसलीय. म्हणजे नेट बंद पडायच्या आधीच दुरुस्ती करता येते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज यांसाठी सेवा केंद्रासमोर उन्हात थांबलेल्या माणसाचा वेळ ज्याला मोलाचा वाटतो, त्याने या आकड्यांकडे रोज पाहायला हवं.

किल्ली आणि घड्याळ

ज्याला विचारता येतं त्याला कोणीही विचारू शकतं, म्हणून कुलूप हवं. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो, आणि अनेक यंत्रांत तो "पब्लिक" असा ठरलेलाच असे. बदल करण्यासाठीचा शब्द "प्रायव्हेट". हे दोन्ही शब्द जगाला पाठ आहेत. २००२ मध्ये पक्की झालेली तिसरी आवृत्ती ओळख तपासते आणि मजकूर झाकून पाठवते, तीच वापरावी. स्विचचं पान इंटरनेटवरून उघडेल असं कधीही ठेवू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातलाच पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्या यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

पोर्टांना नावं देण्याची सोय असते, ती जरूर वापरावी. "पोर्ट ७" पेक्षा "फाटक काटा" असं लिहिलेलं असलं तर नवा माणूसही चुकत नाही. आणि स्विचचं घड्याळ लावावं. अनेक स्विचांत स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेल्यावर ते १ जानेवारी १९७० सारख्या कुठल्यातरी ठरलेल्या तारखेपासून दिवस मोजू लागतात. इंटरनेटवरून किंवा ऑफिसातल्या सर्व्हरवरून वेळ आपोआप घेण्याची आज्ञा त्यांना एकदाच द्यावी लागते. ती दिलेली असेल तरच स्विचची नोंदवही आणि भट्टीची नोंदवही शेजारी ठेवून म्हणता येतं, की भट्टी १ वाजून ४० मिनिटांनी चढली आणि सातव्या पोर्टवरचे खराब संदेश १ वाजून ४१ मिनिटांनी सुरू झाले.